ओठ मिटून पेटी

धानाची रोवणी सुरू झाली की माझे ओठ दुखायला लागतात. हसू नका, खरंच दुखतात. परवा सडक अर्जुनीहून गावाकडं निघाले होते. एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्या दिसत होत्या, पाण्यानं काठोकाठ. बाया ओळीनं वाकलेल्या, पाठीवर मेणकापडाच्या खोळी, हातात पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, जुड्या. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर मोटारसायकल उभी होती आणि तिच्या सीटवर ठेवलेला स्पीकर गळा काढून गात होता. बाया गात नव्हत्या. शेजारच्या सीटवरची म्हातारी माझ्याकडं बघत होती.

"दात दुखून राहिले काय वं पोरी?"

"नाही मावशी."

"मंग तोंड काऊन असं आवळून बसली?"

मी ओठ सैल सोडले आणि पुढच्या थांब्यापर्यंत ते पुन्हा आपोआप मिटले.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही, ताठ मानेनं सांगते. माय-बाप दोघंही चिखलातले. मी बी.ए. झाले, आता शाळेत शिकवते. पण कॉलेजची आठवण म्हटली की मला वर्ग आठवत नाही, परीक्षा आठवत नाहीत. आठवतो तो पहिल्या वर्षाचा श्रावण-भादवा, आणि खेळाच्या सामानाची ती खोली, जिथं आमचा वाद्यवृंद बसायचा. ओल्या चटयांचा वास. टिनावर पाऊस पडू लागला की सर हात वर करायचे आणि सगळे थांबायचे, कारण मग कुणालाच काही ऐकू यायचं नाही. दमट हवेनं पेटी फुगलेली. मधला एक सूर दाबला की चिकटून बसायचा, तो नखानं वर उचलावा लागायचा.

पेटी मला मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं शिकवली. शिकवली म्हणजे काय, भजन मंडळात त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचे, ते हात उचलायचे तिथं माझा हात पडायचा. आमच्या गावात नुसतं वाजवणं ही गोष्टच नव्हती. पेटी उघडली म्हणजे गळा उघडला. रोवणीतही तेच. बाई वाकली की हात चालतो, हात चालला की तोंड चालतं. रोवताना कुणी गप्प राहिलं तर शेजारीण विचारते, बरं वाटत नाही काय. गाणं म्हणजे करमणूक नव्हती. कमरेतली कळ विसरायची ती रीत होती, आणि ओळ सरळ ठेवायचीही.

कॉलेजच्या फळ्यावर सूचना लागली होती, वाद्यवृंदासाठी मुलं-मुली पाहिजेत. युवा महोत्सव जवळ येत होता. सूचना लावणारे रहांगडाले सर शिकवायचे इतिहास, वाजवायचे व्हायोलिन. मी गेले. आत सातेक पोरं बसली होती. तबल्यावर निखिल. तो गोंदियाचा, मामाकडे राहून शिकायचा, बोलणं अर्धं हिंदी. बासरीवर सुखदेव मडावी, जंगलाकडच्या गावातला, कामापुरतं बोलणारा.

"वाजवता येते?" सरांनी विचारलं.

"येते सर."

"बस मंग. वाजव."

मी बसले, भाता सोडला, वाजवायला लागले. निखिल खाली मान घालून हसू लागला. सरांनी हात वर केला.

"छान आहे हात. आता गाऊ नकोस. नुसतं वाजव."

"मी कुठं गाऊन राहिली सर?"

सगळी खोली हसली.

"अरे मॅडम, पूरा मोहल्ला सुन रहा है," निखिल म्हणाला.

मला वाटलं, खेड्यातली पोरगी म्हणून थट्टा चाललीय. रागानं पुन्हा वाजवलं. पुन्हा हसू. तिसऱ्यांदा वाजवलं, तेव्हा सुखदेव हळूच म्हणाला, "गाऊन राहिली वं तू. खरंच." तो हसत नव्हता, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. माझ्याच तोंडातून आवाज निघतो आणि तो मलाच कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

सरांनी नियम सांगितला. वाद्यवृंदात माणसाचा आवाज चालत नाही. गुणगुणही नाही. "अन् बाद होईन ते तू एकटी नाही," ते म्हणाले. "आपण सगळेच."

खोलीतलं हसू तिथं थांबलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि ते पाहणं पुढचे दोन महिने माझ्या अंगावर राहिलं.

घरी आले तरी तोच घोर. वर्गात माझं तोंड कुणी बंद केलं नव्हतं, तरी ते बंदच असायचं. मागच्या बाकावर बसायचे. इंग्रजीच्या तासाला मॅडम काय बोलतात ते मला अर्धंही कळायचं नाही, आणि विचारायची हिंमत नव्हती. सगळ्या कॉलेजात तोंड उघडेल अशी एकच जागा मला सापडली होती, आणि तिथं सांगत होते, मिट.

तेव्हाच सोडून दिलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना विचारलं, कुणाकडं आपल्या भागातली एखादी चाल आहे का. निखिलनं सिनेमातलं काहीतरी वाजवून दाखवलं, सरांनी मान हलवली. मग मी मायच्या तोंडची रोवणीची चाल वाजवली. अर्थात गातच वाजवली. "पऱ्हा उपटला वं बाई, पऱ्हा रोवला." सरांनी व्हायोलिन उचललं, माझ्या मागं मागं ती चाल पकडली, आणि सुखदेवनं बासरीवर ती वर नेली, इतकी वर की मायनं ऐकली असती तर पदर तोंडाला लावला असता. त्या दिवशी ठरलं, हीच चाल मंचावर न्यायची. चिखलात वाकलेल्या बायांची चाल, माझ्या मायची, आता व्हायोलिनवर, बासरीवर, तबल्यावर. मी बाहेर गेले असते तरी ती चाल मंचावर गेलीच असती. माझ्याशिवाय. ते मला सहन होणारं नव्हतं.

सरांनी मुदत दिली पोळ्यापर्यंत. पोळ्याच्या आत तोंड मिटलं नाही तर पेटी दुसऱ्या कुणाकडं.

मग सुरू झाले उपाय. निखिल म्हणाला, मुँह में पानी भर ले. मी भरलं. मुखड्याला आले आणि पाणी नाकातून बाहेर. पोरं हसून लोळली. मी लवंग दातात धरली, ती चावली गेली आणि गाणं चालूच. गाडीवरच्या पोरी बांधतात तशी ओढणी तोंडाला बांधली, तर ओढणीच्या आतून गायले. सर म्हणाले, भाता उघडताना श्वास आत घे, श्वास आत घेणाऱ्याला गाता येत नाही. खरं होतं ते. पण भाता मिटायचाही असतो ना! तो मिटला की श्वास बाहेर, आणि श्वासाबरोबर ते निघायचंच, बैल गोठ्यातून निघावा तसं.

गंमत वाटते आता. तेव्हा नव्हती. रोज तालमीला जाताना पायऱ्यांवर पाय जड व्हायचे. आत शिरले की कोण कुणाकडं बघतंय ते आधी पाहायचे. झांजवाली पूजा ओठांवर बोट ठेवून मला खुणावायची, ती चांगल्या मनानंच, पण ते बोट पाहिलं की हात चुकायचा. निखिलनं तर एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सर, ये रहेगी तो मैं नहीं. पूरी मेहनत पानी में जाएगी."

सरांनी त्याला गप्प केलं नाही. ते मला जास्त लागलं.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याकडं यंदा रोवणीचं यंत्र आलं. बघायला सगळं गाव गेलं होतं. सरळ रेषेत चालतं, दमत नाही, त्याला कुणी विचारत नाही की बरं वाटत नाही काय. माय आता रोवायला जात नाही, गुडघे गेले. धुऱ्यावर बसून ते यंत्र बघत म्हणाली, "मुक्याचं काम आहे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या श्रावणातला एक रविवार आठवला.

कॉलेजला सुट्टी होती, म्हणून मी तिच्यासोबत बांधीत उतरले होते. गुडघाभर चिखल, पाणी कोमट, पिंडरीला काहीतरी चाटून जायचं आणि दचकायला व्हायचं. बाकीच्या बाया गात होत्या. मी दात आवळून रोवत होते. माझी ओळ वाकडी गेली.

"काऊन वं, मुकी झाली का?" मायनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. नियम, मुदत, निखिल, पाण्याची गुळणी. बाया हसल्या. एक म्हणाली, "कॉलेजात पोरीले चूप बसाले शिकवते का वं? आमच्याइथं सासू फुकटात शिकवते." पुन्हा हसू. माय मात्र हसली नाही. कमर सरळ करून उभी राहिली.

"सुतकात आमी कशा रोवतो, पाह्यलं नाही का तू?"

मी पाहिलं होतं, पण लक्ष नव्हतं दिलं. आमच्याकडं घरात कुणी गेलं आणि त्याच दिवसांत रोवणी आली, तर रोवणी थांबवता येत नाही, पऱ्हे वाट पाहत नाहीत. त्या घरच्या बाया बांधीत उतरतात, पण गात नाहीत. ओठ तेवढे हलतात. शब्द सगळे म्हणायचे, एकही सोडायचा नाही, फक्त आवाज द्यायचा नाही.

"तुहे मोठे बाबा गेले त्या साली मी साऱ्या बांध्या तशाच रोवल्या," माय म्हणाली. "तोंड बंद केलं का हात बंद होते. तोंड बंद नोको करू. आवाज ठेव पोटात."

तिनं करून दाखवलं. वाकली, रोवत मागं मागं सरकत गेली. ओठ हलत होते, पूर्ण गाणं हलत होतं त्यांच्यावर, आणि ऐकू येत होतं फक्त पाणी. बाकीच्या बाया बघता बघता गप्प झाल्या. एकीनं डोळे पुसले. कुणाचं काय आठवलं असेल कोण जाणे. मी तिच्या बाजूला वाकून तसंच केलं. ओळ सरळ आली.

पुढचे दिवस मी पेटीवर सुतक पाळलं. दुसरा शब्द नाही त्याला. मोठे बाबा डोळ्यांसमोर आणायचे, त्यांची पेटीवरची बोटं, आणि ओठ हलवायचे. पहिल्यांदा पेटी मधेच थांबायची. मग आठवणीसकट हात चालू लागला. पोळ्याच्या आदल्या दिवशी सरांनी मला भिंतीकडं तोंड करून बसवलं, स्वतः कान माझ्याजवळ आणून उभे राहिले. मी संपूर्ण चाल वाजवली. शेवटचा सूर चिकटला, तो नखानं उचलला.

"राहिलीस," सर एवढंच म्हणाले.

मला उड्या माराव्याशा वाटल्या. पण खोलीत कुणी आनंदानं ओरडलं नाही. त्यानंतरच्या तालमी कशा कोण जाणे ओबडधोबड होऊ लागल्या. कुठं काही तरी अडखळायचं. निखिल म्हणायचा, हवा दमट आहे, तबला उतरतो. सर सगळ्यांवरच चिडायचे. मी माझे ओठ सांभाळत होते, मला दुसरं काही दिसत नव्हतं.

भादवा संपत आला तेव्हा आम्ही गोंदियाला गेलो. बांध्या हिरव्या झाल्या होत्या, धान पोटरीत आलं होतं. जीपमध्ये पेटी माझ्या मांडीवर होती. सभागृहाच्या मागं उभं राहिलो, तेव्हा आमच्या आधीच्या कॉलेजची पोरं एकसारख्या कपड्यांत, गिटार-बिटार घेऊन, हसत खिदळत होती. आमच्या पायांत कुणाच्या चपला, कुणाचे पावसाळी बूट. सुखदेव बासरी शर्टाच्या आत धरून होता, गारठू नये म्हणून. निखिल माझ्या कानाशी आला. मला वाटलं, काही चांगलं बोलेल.

"देख, आज नहीं. आज नहीं हाँ."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मंचावर दिव्यांचा एवढा उजेड की समोर नुसता काळोख. साथीला एक शिक्षक चालायचा म्हणून सर डावीकडं, सुखदेव मधे, निखिल माझ्या उजव्या हाताला. सुरुवात चांगली झाली. व्हायोलिननं चाल उचलली, बासरीनं वर नेली, मी खालून भरत राहिले. ओठ हलत होते, आवाज पोटात. मधल्या भागात निखिलचा ठेका हलला. अगदी थोडा, पण हलला. त्यानं मान वळवून माझ्या तोंडाकडं पाहिलं, डोळे मोठे करून. निघाला की काय आवाज? मी ओठ अजून आवळले. शेवटाकडं जाताना पुन्हा हलला, आणि या वेळी सुखदेवची बासरीही मागं राहिली. कसंबसं सगळे एकत्र आलो आणि संपवलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला पावसासारख्या ऐकू आल्या, म्हणजे त्यांच्यापलीकडचं काही ऐकू येईना.

उतरत होतो, तेवढ्यात परीक्षकांच्या टेबलावरून हाक आली.

"पेटीवर कोण होतं? जरा इकडे ये."

परीक्षक बाई चष्म्यातून माझ्याकडं बघत होत्या. आवाज शांत, शब्द शहरी. "तुझे ओठ हलत होते. गात होतीस का?"

सरांचा चेहरा पांढरा झालेला मला दिसला. खोटं बोलता आलं असतं. पण ज्या पोरीच्या ओठांवर सगळ्या सभागृहानं गाणं पाहिलं, ती नाही कशी म्हणणार?

"हो," मी म्हटलं. "पण आवाज नाही काढला."

"ते आम्ही कसं मानायचं?"

"गाऊन राहिली होती मॅडम, आमी पाह्यलं!" मागून दुसऱ्या कॉलेजचा एक पोरगा ओरडला. आमची पोरं एकमेकांना चिकटून उभी राहिली. पूजा रडायला लागली होती.

बाईंनी निखिलकडं बोट केलं. "तू हिच्या अगदी शेजारी होतास. खरं सांगायचं. आवाज येत होता?"

साऱ्या जगात विचारायला यांना हाच सापडला! मला काढा म्हणून सरांपुढं उभा राहिलेला हाच. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो रागावलेला होता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मॅडम, ये गाती तो मेरा ठेका हिलता क्या?"

बाईंना कळलं नाही. मलाही नाही.

"म्हणजे?"

"दोनदा घसरलो ना मी? तुमाले ऐकू आलं असनच." निखिलचा आवाज चढला. "पह्यल्यापासून ही गुणगुणे, अन् आमी सारे त्याच्यावर वाजवत होतो. समेवर कधी याचं ते मले हिच्या आवाजावरून समजे. पोळ्यापासून ही चूप झाली अन् आमचं सगळं बिघडलं. मले आता मंचावर समजलं ते. मी हिच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो, का बाई, थोडं तरी निघू दे. पर एक अक्षर नहीं."

"माह्या बासरीचंही तसंच झालं," सुखदेव म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य असेल.

बाईंनी समोरच्या कागदाकडं पाहिलं. तिथं ते दोनदा घसरणं आधीच लिहिलेलं असावं, कारण त्यांनी पेनाचं टोक एका जागी टेकवलं आणि हळूच मान हलवली.

"म्हणजे गायली नाही," त्या म्हणाल्या.

"गायली असती तर बरं झालं असतं," निखिल म्हणाला.

आम्ही बाद झालो नाही. बक्षिसांत नाव आलं नाही, तेही खरं. सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

परतताना दिवस कलला होता. जीपमध्ये मी खिडकीशी बसले होते. ओठ असे दुखत होते की हात लावून पाहिले. आणि छातीत काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आम्ही हरलो होतो, मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण पहिल्या दिवसापासून मी स्वतःला त्या वृंदातली अडचण समजत आले होते. मागच्या बाकावरची, चुकून आत आलेली. आणि ते सगळे, शहरातला निखिलसुद्धा, माझ्या आवाजाचा धुरा धरून चालत होते. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

पुढच्या सीटवरून निखिल मागं न वळताच म्हणाला, "तो अगले साल क्या करेंगे?"

सरांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं.

"काय करशान?" मी म्हटलं. "मी शिकली ना न गाता वाजवाले? आता तुमी शिका."

निखिलनं मांडीवर ठेका धरला, माझ्याकडं न बघता. चुकला. पुन्हा पहिल्यापासून धरला.